सहा दिवसांचं अंतर

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक मोठं तळं आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये तळी भरपूर, पण हे सगळ्यात गजबजलेलं, उन्हाळ्यात होड्या, सायकली, कुत्री, बाबागाड्या, सगळं. मी इथे आले तेव्हा त्याला लेक कॅलहून म्हणायचे, मंडळाच्या पिकनिकचा मेसेजसुद्धा 'कॅलहूनला भेटू' असाच यायचा. मग २०१५ मध्ये पाटीवर त्या नावासोबत आणखी एक नाव आलं, २०१८ मध्ये कॅलहून गेलंच, मधे कोर्टकज्जा झाला आणि २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नवं नाव कायम केलं. नवं म्हणजे खरं तर जुनं. ब्दे माका स्का. इथल्या मूळ रहिवाशांच्या, डकोटांच्या भाषेत पांढऱ्या मातीचं तळं.

कॅलहून हा साउथ कॅरोलायनाचा राजकारणी, अमेरिकेचा उपाध्यक्ष होता, आणि गुलामी ही वाईट नाही तर चांगलीच गोष्ट आहे असं सिनेटमध्ये उभं राहून सांगणारा माणूस. आणि तळ्याच्या काठी १८२९ पासून दहाएक वर्षं डकोटा लोकांचं एक गाव होतं, मका लावायचे ते लोक तिथे. मी या तळ्याभोवती कितीतरी वर्षं चालले आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मी परत शिकायला लागले, नोकरी सांभाळून, आठवड्यातून एक संध्याकाळ. विषय पोस्टकलोनियल थिअरी, पण फक्त अमेरिका खंडांतली, म्हणजे उत्तर, दक्षिण आणि कॅरिबियन. मला वाटलं होतं सोपं जाईल, कारण महाराष्ट्रात एमएला हा पेपर मी आधीच दिला होता. सईद, स्पिवाक, भाभा, या तीन विचारवंतांच्या नावांवर अख्खा पेपर निघायचा आणि आमच्या डोक्यात त्याचं चित्र अगदी सरळ होतं, इंग्रज आले, इंग्रज गेले, १५ ऑगस्ट झाला, आणि त्यानंतर जे उरलं, भाषेत, कोर्टात, कॉलेजात, मनात, त्याचा अभ्यास म्हणजे पोस्टकलोनियल. 'नंतर' कधीपासून मोजायचं हा प्रश्नच कधी पडला नाही, तारीख ठरलेलीच होती.

पहिल्याच तासाला ते चित्र फाटलं. वर्गात माझ्या शेजारी पेरूची एक बाई बसते, कुस्कोजवळच्या गावची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आता आमची चांगली गट्टी आहे. सरांनी विचारलं की तुमच्या देशात वसाहत कधी संपली, मी पटकन १९४७ म्हणाले, आणि ती म्हणाली, "कोणासाठी विचारताय?" मग तिने सांगितलं की तिच्या आजीने पहिल्यांदा मत दिलं ते १९८० मध्ये. पेरू स्वतंत्र झाला १८२१ मध्ये. पण लिहितावाचता न येणाऱ्याला मत नव्हतं आणि ज्या बाईची भाषा केचुआ, तिथल्या मूळ रहिवाशांची, आणि शाळा फक्त स्पॅनिशमध्ये तिला लिहितावाचता येणार कुठून, तो नियम १९७९ च्या राज्यघटनेने काढला तेव्हा कुठे आजी मतदार झाली. १८२१ ते १९८० हा सगळा काळ आजीच्या घरासाठी 'नंतर'चा होता का? त्या रात्री घरी आले तरी डोक्यात हेच.

आपल्या लोकांना हे समजावून सांगताना मी एक उदाहरण देते. समजा ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात कायमचे राहिले, त्यांची मुलं-नातवंडं इथेच जन्मली, जमिनी त्यांच्याच, आणि एक दिवस या नातवंडांनी लंडनशी भांडण काढून जाहीर केलं की आम्ही आता स्वतंत्र. झेंडा नवा, राष्ट्रगीत नवं, चौकाचौकात पुतळे. आणि शेतात राबणारा कुणबी, महार, भिल्ल जिथे होता तिथेच. स्पॅनिश अमेरिकेत जवळपास हेच झालं. तिकडे जन्मलेल्या या स्पॅनिश वंशाच्या लोकांना क्रिओल्यो म्हणायचे आणि स्वातंत्र्याच्या लढायांचं पुढारपण बहुतेक त्यांच्याच हातात होतं. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती सान मार्तीनने १८२१ मध्ये लिमात जाहीर केलं की मूळ रहिवाशांना यापुढे इंडियन म्हणायचं नाही, सगळे पेरुवियन, आणि त्यांच्यावरचा खंड, म्हणजे डोईवरचा कर, तोही रद्द. पाच वर्षांत, १८२६ मध्ये, तोच खंड 'कंट्रिब्युशन' असं गोंडस नाव घेऊन परत आला, कारण नव्या सरकारच्या तिजोरीत दुसरा पैसाच नव्हता, आणि तो पुढे १८५४ पर्यंत चालला. मला हा तपशील कुठल्याही थिअरीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

यावर विचार करणाऱ्यांनी मग आपले शब्द तयार केले. मेक्सिकोत पाब्लो गोन्सालेस कासानोव्हा १९६० च्या दशकात 'अंतर्गत वसाहतवाद' म्हणायला लागले, म्हणजे देश स्वतंत्र पण देशाच्या पोटात एक समाज दुसऱ्याची वसाहत. आणि पेरूचा समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो याने १९९० च्या आसपास 'कलोनियालिटी' हा शब्द पुढे आणला, मी मराठीत वसाहतिकता म्हणते. वसाहतवाद म्हणजे राज्य, गव्हर्नर, फौज, जकात, ते एक दिवस जातं. वसाहतिकता म्हणजे त्या राज्याने पाडलेला साचा, कोणी कुठलं काम करायचं, कोणाची भाषा ज्ञानाची आणि कोणाची नुसती बोली, कोणाच्या चेहऱ्याकडे बघून दुकानदार अहो म्हणणार आणि कोणाला अरे. राज्य गेलं तरी साचा राहतो. किहानोचं म्हणणं असं की माणसांची 'वंशा'नुसार उतरंड ही कल्पना आधुनिक अर्थाने अमेरिका खंडांतच घडली, खाणींत आणि मळ्यांत कोणाला फुकट राबवायचं हे ठरवताना घडली, मग जगभर गेली. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या चांदीच्या डोंगराचं वाचलं तेव्हा हे नीट कळलं. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली, आणि १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने स्पॅनिशांच्या आधीच्या इंका राजांच्या काळची मिता ही पाळीपाळीने राबण्याची जुनी पद्धत घेऊन तिची वेठबिगार केली, ठरवलेल्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाने वर्षभर त्या डोंगरात जायचं. मजुरी मिळायची स्वतंत्र मजुराच्या कितीतरी कमी, आणि कमी का, तर तो इंडियन म्हणून. बस, एवढंच कारण.

एक आठवडा आम्ही 'कास्ता' चित्रं बघितली. अठराव्या शतकातल्या मेक्सिकोतली ही चित्रं, बहुतेक सोळाचा संच, प्रत्येक चौकटीत बाप, आई आणि मूल, आणि वर किंवा खाली नाव लिहिलेलं. स्पॅनिश बाप आणि इंडियन आई, मूल मेस्तीसो. पुढे पुढे मिश्रण वाढत जातं तशी नावं विचित्र होत जातात, एका मुलाचं नाव 'मागे उडी', एकाचं 'हवेत लटकलेला', एकाचं तर चक्क 'तू कळत नाहीस'. वर्गात बाकीचे लोक कपडे, फळं, रंग याबद्दल बोलत होते आणि मी गप्प बसले होते, कारण मला मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवत होता, तिथेही हेच, अमुक वर्णाचा बाप, तमुक वर्णाची आई, त्यांच्या मुलाचं नाव हे आणि त्याने काम करायचं ते. आणि कास्ता हा शब्द तर आपल्याकडेही आला, पोर्तुगीजांनी इथली जात बघितली आणि तिला आपला तोच शब्द लावला, त्यातून इंग्रजीत कास्ट झालं. एकच शब्द दोन्हीकडे. मी हे वर्गात बोलले तर सर म्हणाले यावर लिही, त्यावरच माझा सेमिस्टरचा पेपर झाला.

आता ग्वामान पोमाबद्दल लिहायचं आहे आणि जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या सगळ्या वाचनात मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्याबरोबर घालवला. हा अँडीजमधला माणूस, केचुआ बोलणारा, स्पॅनिश शिकलेला, म्हातारपणी त्याने स्पेनच्या राजाला, तिसऱ्या फेलिपेला, एक पत्र लिहिलं. पत्र म्हणजे जवळजवळ बाराशे पानं आणि त्यात स्वतः काढलेली ३९८ चित्रं, १६१५ च्या सुमाराचं. इंकांच्या आधीपासूनचा इतिहास, मग स्पॅनिश आल्यावर काय काय झालं, पाद्री कसे लुबाडतात, अंमलदार कसे मारतात, आणि चांगलं राज्य कसं असावं. राजाने ते वाचल्याचा काही पुरावा नाही. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत सापडलं, तीनशे वर्षांनी. आता सगळं ऑनलाइन आहे, फुकट, पानंच्या पानं, मी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर उघडून बसते.

त्यातलं एक चित्र आम्ही दोघींनी एकत्र बघितलं, माझ्या किचनच्या टेबलावर. इंका राजा आणि एक स्पॅनिश माणूस समोरासमोर, मधे सोन्याने भरलेलं भांडं. राजा केचुआत विचारतोय आणि त्याचं वाक्य तिथेच लिहिलंय. मैत्रिणीने मोठ्याने वाचलं, "काय कोरिताचो मिकुंकी?" मी पहिल्या शब्दालाच चमकले. 'काय'? तिच्या भाषेत काय म्हणजे 'हे'. हे सोनं खाता का तुम्ही? आणि स्पॅनिश माणूस स्पॅनिशमध्ये उत्तर देतोय, हेच सोनं आम्ही खातो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण चित्र काढणाऱ्याला दोन्ही येतात, आणि त्याला वाचणाराही दोन्ही येणारा हवाय. भूक कशाची आहे हे त्याने एका चौकटीत सांगून टाकलं. आपण स्पिवाकचा तो 'सबाल्टर्न, म्हणजे तळाला दबलेला माणूस, बोलू शकतो का' हा प्रश्न परीक्षेला रट्टा मारून लिहायचो, इथे मला वाटलं की हा माणूस बाराशे पानं बोलला, प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. अर्थात तो काही गरीब शेतकरी नव्हता, घराणं सांगायचा, दुभाष्याचं काम केलेला होता, आणि मिश्र संततीबद्दल त्याची मतं आज वाचताना टोचतात. तरीसुद्धा.

त्याचं अजून एक चित्र आहे, वर पेरू, मधे इंकांची राजधानी कुस्को आणि त्याचे चार भाग, आणि खाली स्पेन, डोंगरावर सूर्य पेरूच्या बाजूला. आपण शाळेत नकाशा भिंतीवर लावायचो तेव्हा वर काय आणि खाली काय हे कोणी ठरवलं असा प्रश्न मला चाळिशीत पडला.

या विषयातला माझा आवडता शब्द मात्र बोलिव्हियातून आला, चिखी (ch'ixi). सिल्विया रिवेरा कुसिकांकी या बाईंनी तो आयमारा भाषेतून उचलला. लांबून बघितलं तर राखाडी दिसणारा रंग, जवळ गेलं तर कळतं की पांढरे आणि काळे ठिपके शेजारी शेजारी आहेत, मिसळलेले नाहीत. लॅटिन अमेरिकेत सरकारी पुस्तकांतून मेस्तिसाहे फार चालतं, म्हणजे आम्ही सगळे मिसळून एक झालो. बाई म्हणतात नाही झालो, दोन्ही आहेत, दोन्ही एकमेकांना टोचतात आणि तसंच राहू दे. हे वाचताना मला एकदम आमच्या संस्कृतच्या बाईंनी शिकवलेले दोन न्याय आठवले, क्षीरनीर आणि तिलतंडुल. दूध-पाणी मिसळलं की वेगळं दिसत नाही, तीळ-तांदूळ मिसळले तरी प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. अलंकार ओळखा या प्रश्नासाठी पाठ केलं होतं आणि ते ला पाझच्या बाईंना समजून घ्यायला कामी आलं. मैत्रिणीला मी डब्यातले तीळ आणि तांदूळ ताटात ओतून दाखवले. तिने मूठभर उचलून हातावर पसरले आणि म्हणाली हेच, अगदी हेच.

याच बाईंनी १९९७ मध्ये रोसाना बारागानबरोबर आपल्याकडच्या सबाल्टर्न स्टडीज गटाचे, म्हणजे तळच्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे, निबंध स्पॅनिशमध्ये काढले होते, म्हणजे रणजित गुहा आणि मंडळी ला पाझला पोचली ती अशी. आणि याच बाई अमेरिकेच्या विद्यापीठांत बसून डिकलोनियल, म्हणजे वसाहतिकतेतून सुटण्याबद्दल, लिहिणाऱ्यांवर कडाडून टीका करतात, तुमच्या लिखाणामागे कृती कुठे आहे म्हणून. मला ते लागलं. मीही अशाच एका विद्यापीठात बसून वाचते.

कॅरिबियन आमच्याकडे फक्त तीन आठवडे होतं, ते फार कमी पडलं. वसाहतवादावर लिहिणारा फॅनन मार्तिनिक बेटावरचा, आणि मार्तिनिक अजून फ्रान्सचाच भाग, तिथे 'नंतर' आलेलंच नाही. हैतीने १८०४ मध्ये गुलामांच्या बंडातून स्वातंत्र्य घेतलं आणि १८२५ मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच नुकसानभरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक, नंतर ९ कोटीवर आणली. मालकांचं नुकसान, म्हणजे त्यात माणसंही धरलेली. यावर वेगळं लिहीन.

उत्तरेकडे आलो की गाडी परत माझ्या दारात येते. अमेरिका, कॅनडा इथे जी वसाहत झाली तिला सेटलर कलोनियालिझम म्हणतात, इथे वसाहतवाल्याला मुख्यतः जमीन हवी होती, आणि तो राहायला आला, जायला नाही. ईव्ह टक आणि के. वेन यांग यांचा २०१२ चा एक निबंध आहे, त्याचं म्हणणं शीर्षकातच आहे, डिकलोनायझेशन हे रूपक नाही. अभ्यासक्रम डिकलोनाइज करा, मन डिकलोनाइज करा, हे सगळं बोलून बरं वाटतं, पण जमीन कोणाकडे आहे ते बोला. तळ्याची पाटी बदलली याचा मला मनापासून आनंद आहे, माझा मुलगा ते नाव बिनचूक म्हणतो. पण काठावरचे बंगले कोणाचे आहेत? आणि आमचं घर? आम्ही टायटल क्लिअर असल्याचा कागद घेऊन घर घेतलं, आणि त्या टायटलच्या मुळाशी १८०५ आणि १८५१ चे करार आहेत, डकोटांकडून कवडीमोलाने घेतलेल्या जमिनीचे. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्यांना काय म्हणायचं, सेटलर का, यावरही लिहिलं गेलंय, चिकासॉ या इथल्या मूळ समाजातल्या जोडी बर्ड 'अरायव्हंट' हा शब्द वापरतात, कॅरिबियन कवी ब्रेथवेटकडून घेतलेला, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या साम्राज्याने इथे आणून सोडलेले. गुलाम म्हणून आणलेल्यांना तो शोभतो. मी तर व्हिसा काढून, विमानाचं तिकीट काढून आले. माझ्यासाठी शब्द अजून सापडलेला नाही.

आणि विमानतळ. भारतातून आले की जिथे उतरते त्याला लागूनच फोर्ट स्नेलिंग हा जुना लष्करी किल्ला आहे. १८६२ मध्ये करारातले पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापारी उधार धान्य देईनात, डकोटा उपाशी, ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, शेकडो गोरे वसाहतकरी मारले गेले, आणि सहा आठवड्यांत डकोटा हरले. मग लष्करी खटले, काही तर पाच-पाच मिनिटांत उरकले, ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद मागवून बहुतेकांची शिक्षा कमी केली पण ३८ जणांना २६ डिसेंबर १८६२ ला मंकाटो गावात एकाच वेळी फासावर चढवलं, अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक फाशी. बाया, पोरं, म्हातारे मिळून सोळाशेच्या वर लोक तो हिवाळाभर फोर्ट स्नेलिंगखालच्या कुंपणात. शंभराहून जास्त मेले.

२६ डिसेंबर १८६२. आणि १ जानेवारी १८६३ ला त्याच लिंकनने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. मधे सहा दिवस.

हे मला कळलं त्या रात्री मी 'गुलामगिरी' काढलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. ती अर्पणपत्रिका मला शाळेपासून माहीत आहे, आमच्या घरात फोटोखाली लावलेली होती. पुण्यात बसलेल्या जोतीरावांपर्यंत त्या सहा दिवसांतला शेवटचा दिवस पोचला, पहिला पोचला नाही. पोचला असता तर? मला वाटतं त्यांना तो कोणाहीपेक्षा लवकर कळला असता. कारण त्या पुस्तकात धोंडिबाशी बोलता बोलता ते करतात काय, तर अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचतात, बाहेरून आलेल्यांनी बळीच्या राज्याची जमीन कशी घेतली आणि मग घेणाऱ्यालाच देव कसं केलं. राजा बदलला म्हणून मोकळा कोण झाला हेच ते विचारत होते, अंतर्गत वसाहतवाद हा शब्द निघायच्या नव्वद वर्षं आधी. ग्वामान पोमाने चित्रांनी विचारलं, यांनी संवादांनी. एमएच्या त्या पेपरात जोतीराव नव्हते याचं मला आज फार वाईट वाटतं.

यंदा डिसेंबरात आम्ही मंकाटोला गेलो, मी, मुलगा आणि मैत्रीण. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंनी कापलेल्या मक्याची शेतं, वर बर्फ. फाशी दिली ती जागा आता रस्ता आणि लायब्ररीच्या आसपास आहे, समोर छोटं उद्यान, त्यात गुंडाळी उलगडावी तसं एक स्मारक आणि त्यावर ३८ नावं. त्यातला एक चास्का म्हणून ओळखला जायचा. डकोटात चास्का म्हणजे घरातला पहिला मुलगा, आपल्याकडे थोरला म्हणतो तसं, त्यामुळे या नावाचे पुष्कळ, आणि त्याची शिक्षा माफ झालेली असूनही नावाच्या गोंधळात त्याला चढवलं. चास्का नावाचं इथे एक उपनगर आहे, तिथे आमच्या ओळखीची दोन मराठी घरं आहेत, दिवाळीचा फराळ आम्ही दरवर्षी तिकडेच करतो.

थंडी उणे चौदा होती. मुलाने विचारलं, ही नावं कशी म्हणायची? इंग्रजी अक्षरांवरून नीट कळत नव्हतं. मी फोनवर डकोटा उच्चारांचं पान उघडलं, पिशवीतून वही काढली आणि हातमोजा काढून एकेक नाव देवनागरीत लिहायला लागले, कारण अर्धी जोडाक्षरं आपल्या लिपीत सरळ बसतात. अकरा नावं झाली आणि पेन गोठलं. मैत्रिणीने वही घेतली, पेन तोंडाशी धरून त्यावर फुंकर मारली आणि परत माझ्या हातात दिलं.